आवाज आहे, चित्र नाही

आमच्या घरमालकांकडे जाऊन 'व्हिडिओ चालत नाही' एवढंच सांगणाऱ्या माणसाची धडगत नसे. ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि खणखणीत आवाजात विचारत, "चालत नाही म्हणजे नक्की काय? चित्र नाही, आवाज नाही, का दोन्ही आहे आणि तुम्हाला आवडत नाही?"

बिबवेवाडीत त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत मी सहाएक वर्षं भाड्यानं राहिलो. नोकरी खराडीला, म्हणजे रोज सकाळी सगळं पुणं ओलांडून जायचं आणि संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत यायचं. ऑफिसातले मित्र म्हणायचे, अरे इथं कॉट बेसिसवर, नुसत्या खाटेपुरती जागा मिळते, तू तिकडं कशाला मरतोस? मी सांगायचो, भाडं कमी आहे. ते खरं होतं, पण अर्धंच. खरं कारण असं की इतका करमणुकीचा घरमालक मला खराडीत कुणी दिला नसता.

काका मूळचे अकोल्याकडचे. सरकारी नोकरीत पुण्याला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका कार्यालयात राहिले. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. एकदा मी आडून आडून विचारलं तर म्हणाले, "वेळेवर अर्ज आला नाही." पुण्यात चाळीस वर्षं काढून त्यांनी इथली बोली आणि इथला खवचटपणा दोन्ही पक्के केले होते. फक्त फार चिडले की आतलं वऱ्हाड बाहेर यायचं. "काय करून राह्यले हो तुम्ही?" असं ऐकू आलं की समजावं, आता खोलीत जाऊन बसलेलं बरं.

खोली बघायला गेलो तो प्रसंग अजून आठवतो. बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर बसलो तर म्हणाले, "तिथं नको. इकडं, खिडकीसमोर बसा. तोंडावर उजेड येऊ द्या." मला वाटलं, हे पोलिसात होते की काय.

"काय करता आपण?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढता."

"तसंच काहीसं."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"मी फुकट काढतो," ते म्हणाले आणि उठून खोली दाखवायला निघाले. दाराशी थांबून त्यांनी एकच अट सांगितली. "ही खोली माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ती राहायला आली की तुम्हाला जावं लागेल. मी तिला दर वर्षी बोलावतो आणि ती दर वर्षी नाही म्हणते. त्यामुळे तुम्ही निवांत सामान आणा."

फुकट चुका काढण्याचं त्यांचं क्षेत्र म्हणजे व्हिडिओ. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स. दुकानदारानं एकदा त्यांना सांगितलं होतं की ही मशीन म्हातारी झाली, नवी घ्या. त्यावर त्यांनी म्हाताऱ्या मशीनला लिनक्स घातलं आणि त्या दुकानावरून जाणं सोडलं. लिनक्स त्यांना का आवडायचं, तर ते दोष लपवत नाही म्हणून. "बाकीचे कॉम्प्युटर म्हणतात, काहीतरी चुकलं, क्षमस्व. अरे काय चुकलं ते सांग ना. हे सांगतं. इंग्रजीत सांगतं, उद्धटपणे सांगतं, पण सांगतं."

आपलं म्हणणं पटवून त्यांनी गल्लीतल्या तीन-चार घरांतही लिनक्स बसवलं होतं. त्याचा परिणाम असा की त्या घरांत काही बिघडलं की माणसं यांच्याच दारात येत. समोरचे पिठाच्या गिरणीचे मालक एकदा पुतण्याच्या हळदीचा व्हिडिओ घेऊन आले. चेहरा अगदी रडवेला.

"काका, हळद हिरवी दिसतीय. नवरदेव कारल्यासारखा झालाय. सासरची मंडळी बघायला बसलीत."

काकांनी पेनड्राइव्ह घेतला. व्हिडिओ आधी लावून बघणं हे त्यांच्या नियमात बसत नसे. आधी तपासणी. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाकायची आणि आलेला तपशील लॅबचा रिपोर्ट वाचावा तसा मोठ्यानं वाचायचा. जागा वाचावी म्हणून चित्र अमुक पद्धतीनं आवळलेलं, आवाज तमुक पद्धतीनं, फ्रेम इतक्या. फाइलच्या नावावर जायचं नाही, हा दुसरा नियम. "एमपी-फोर हा नुसता डबा आहे. श्रीखंडाच्या डब्यात आपल्याकडं काय काय ठेवतात, माहितेय ना? आत काय आहे ते बघा. ते उघडणारा कोडेक आपल्याकडं आहे का ते बघा. मग बोला."

हळदीची फाइल चांगली निघाली. दोष गिरणीवाल्यांच्या कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स चिपचा होता. काका त्यांच्या घरी गेले, चित्र उलगडायचं काम त्या चिपकडून काढून घेतलं आणि मुख्य प्रोसेसरला दिलं. नवरदेव पुन्हा पिवळा झाला. सासरच्यांनी सुस्कारा सोडला. मग काकांनी फी वसूल करायला घेतली. त्यांची फी म्हणजे दोष का आला होता हे शेवटपर्यंत ऐकून घेणं. गिरणीवाल्यांनी दोन मिनिटं मान डोलवली आणि मग 'दळण लावून आलोय' म्हणून स्वतःच्याच घरातून पळून गेले. सासरची मंडळी मात्र अडकली.

त्यांचंही कधी चुकायचं. एका रविवारी ते सकाळपासून काळ्या पडद्याशी झुंजत होते. पॅकेजं काढली, घातली, काय काय शिव्या दिल्या. जेवणाच्या वेळेला मी मॉनिटरचं बटण दाबून तो चालू केला. काकांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सुटीच्या दिवशी पण काम करता," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

दोन गोष्टींना त्यांचा कडाडून विरोध होता. पहिली म्हणजे कन्व्हर्ट करणं. लोक म्हणत, काका, एवढा खटाटोप कशाला, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून टाका ना. काकांच्या कपाळाला आठ्या पडत. "एकदा उलगडून पुन्हा आवळलं की थोडं हरवतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून हरवलं नाही, असं होत नाही." दुसरी म्हणजे इंटरनेटवरच्या फुकट साइटवर फाइल चढवून ती बदलून घेणं. त्याबद्दल ते जे बोलत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाकी वागणं म्हणजे विक्षिप्तपणाचा कळस. सिनेमे आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत बघायचे. म्हणायचे, नट बोलताना काहीही करतो, खाली लिहिलेलं सरळ असतं. दाराची बेल वाजली की हॉलमध्ये लाल दिवा लागायचा, स्वयंपाकघरात दुसरा. वैशाखी पौर्णिमेला मोठं पातेलंभर खीर करून गल्लीत वाटायचे आणि प्रत्येक वाटीबरोबर सांगायचे, "साखर कमी आहे. तक्रार नको." आणि बोलणं नेहमी असं की पलीकडच्या गिरणीत ऐकू जावं.

या सगळ्याचा उलगडा मला मी पाहिलेल्या त्यांच्या बहिणीच्या पहिल्या व्हिडिओवरून झाला. निदान झाला असं मला तेव्हा वाटलं.

ताई जन्मापासून नाही, पण तीन-चार वर्षांच्या असताना तापात बहिऱ्या झाल्या. काका त्यांच्याहून लहान. त्यामुळे घरात दोन भाषा होत्या, एक आईवडिलांशी बोलायची आणि एक ताईशी हातांनी बोलायची, आणि काका दोन्ही एकदमच शिकले. पुढं ताई कर्णबधिरांच्या शाळेत गेल्या, शिवण शिकल्या, संसार केला. आता यजमान गेल्यावर अकोल्यात मुलाकडं असायच्या. बहीणभावाचा रिवाज असा की आठवड्याला एक व्हिडिओ ताईंनी पाठवायचा आणि एक काकांनी. भाचा मेलवर लिंक पाठवायचा. व्हिडिओ कॉल त्या दोघांनाही पसंत नव्हता. "कॉलमध्ये बोटं एकमेकांना चिकटतात," काका म्हणाले. "बोटांतला फरक एवढासा असतो. मधली एक फ्रेम गळली की 'येते'चं 'जाते' होतं. मग भांडणं."

तेव्हा मला वाटलं, अच्छा, म्हणून हे सगळं. म्हणून फ्रेम मोजणं, म्हणून कन्व्हर्ट नको, म्हणून बेलचे दिवे आणि तोंडावर उजेड. माणूस सत्तरीला टेकेपर्यंत कोडेक शिकतो कारण त्याला बहिणीची बोटं स्वच्छ बघायची आहेत. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण त्यांनी त्यातही चूक काढली असती.

ताईंचा व्हिडिओ बघायचा विधी ठरलेला होता. आवाज बंद. चहा शेजारी. काका खुर्चीत ताठ बसत आणि पडद्याकडे बघताबघता त्यांचे हात मांडीवरच हलायला लागत, म्हणजे उत्तर तिथंच सुरू. मग स्वतःचा व्हिडिओ करायचा. त्यासाठी गडद शर्ट घालायचा, म्हणजे हात उठून दिसतात. पाठीमागे निळी चादर टांगायची, म्हणजे मागचा पसारा मध्ये येत नाही.

मग एका वर्षी दिवाळीनंतर भाच्याची बदली रायपूरला झाली. अकोल्याचं घर आवरायचं ठरलं. ताईंपुढं दोनच वाटा होत्या, मुलाबरोबर रायपूरला जायचं किंवा भावाकडं पुण्याला यायचं. काकांनी ताबडतोब व्हिडिओ केला. चादर धुवायला पडली होती, वाळेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. तसेच बसले आणि पंधरा मिनिटं हात चालवले. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा मला म्हणाले, "बोलावलंय. या वेळी नीट बोलावलंय. दर वर्षी मी 'वाटलं तर ये' म्हणायचो."

"आणि या वेळी?"

"या वेळी खरं सांगितलं," एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, खुर्ची सारखी करताकरता, "एकट्याला घर खायला उठतं हो. हे तुम्हाला म्हणून."

मी तिथंच होतो आणि मी घरात नाहीच असं ते बोलत होते, याचा मला राग आला नाही. त्यांच्या म्हणण्यातला अर्थ कळला. माझी खोली जाणार हेही कळलं. मी गुपचूप खराडीतल्या कॉट बेसिसची चौकशी सुरू केली.

दीड-दोन आठवडे उत्तर आलं नाही. काका रोज मेल बघायचे आणि रोज म्हणायचे, "मी बघत नाहीये. सहज इथून जात होतो." मग एका शनिवारी सकाळी लिंक आली. भाच्यानं खाली लिहिलं होतं, आईला नवा फोन घेतला, त्यावर केलाय.

काकांनी चहा ठेवला. गडबडीत तपासणी विसरले, आवाज बंद करायलाही विसरले, थेट लावला.

पडदा काळा. काळाच. खाली वेळ मात्र पुढं सरकत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. अकोल्यातल्या कुठल्याशा खोलीत पंखा फिरत होता, लांब कुत्रं भुंकत होतं आणि सगळ्यांत पुढं बांगड्या वाजत होत्या.

"दोन्ही नाही," काका म्हणाले. "चित्र नाही, आवाज नाही. फाइलच रिकामी पाठवली बावळटानं."

मी त्यांच्यासमोर येऊन म्हटलं, "काका, आवाज येतोय की. बांगड्या वाजतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. "हां. येतोय ना? बरं. आवाजाला काय चाटायचंय." आणि मग एकदम वळून, "कशा वाजतायत?"

"जोरात. मध्ये थांबतात आणि पुन्हा जोरात."

काका खाली बसले. "म्हणजे रागावलीय. ताई चिडली की तिच्या बांगड्या पहिल्यापासून वाजतात. आमची आई म्हणायची, हिला आवाज नाही असं कोण म्हणतं." मग काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "नाहीच म्हणतेय ती. रायपूरला चाललीय."

मी खिशातून फोन काढला. "मला पाठवा. माझ्या फोनवर दोन मिनिटांत दिसेल."

"नको."

"अहो, पण उत्तर तरी कळेल."

"तुमच्या फोनवर चाललं म्हणजे माझ्याकडचा दोष गेला नाही, फक्त झाकला. आणि ताई मला बोललीय. ती पहिल्यांदा तुमच्या तळहातावर दिसायची आणि मग मला, हे बरं नाही." मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "त्या फुकट साइटचं नाव काढू नका. ताईला परक्याच्या घरी कपडे बदलायला पाठवणार नाही मी."

"मग भाच्याला सांगा, ताईंना पुन्हा एकदा करायला."

या सूचनेवर ते चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "नाही म्हणायला तिला एकदा किती त्रास झाला असेल. दोनदा म्हणायला लावू?"

मी स्टूल ओढून शेजारी बसलो.

रिपोर्ट काढला. दोष लगेच सापडला. ताईंचा जुना फोन चित्र एच दोनशे चौसष्टमध्ये आवळायचा, नवा एच दोनशे पासष्टमध्ये. हा नवा प्रकार जागा कमी खातो, पण त्यावर बऱ्याच कंपन्यांचे हक्क आहेत, म्हणून काकांच्या लिनक्सबरोबर तो उलगडणारा कोडेक मुळात येतच नव्हता. आवाजाचा होता, चित्राचा नव्हता. काळ्या खिडकीत तसं स्पष्ट लिहून आलं. काकांना त्याही अवस्थेत समाधान वाटलं. "बघा. लपवलं नाही त्यानं."

कोडेक वेगळा आणून बसवायचा तर काकांचं लिनक्स इतकं जुनं की त्याच्यासाठीच्या वस्तू मिळायची जागाच आता हलवलेली. ती नवी जागा शोधली. तिथून कोडेक मागवला तर तो म्हणाला, मला अमुक नवं लागेल, आणि ते म्हणालं, मला तमुक. शेवटी मोठी यादी आली आणि खाली प्रश्न, बसवू का, हो की नाही. मी 'हो' दाबायला हात पुढं केला तर काकांनी माझं मनगट धरलं. "वाचल्याशिवाय सही करायची नाही." मग त्यांनी ती सगळी यादी वाचली. अक्षर न् अक्षर. तेवढ्यात गिरणीवाले काहीतरी विचारायला डोकावले, लाल दिवा लागला, काका न वळता म्हणाले, "आज दवाखाना बंद आहे."

दुपार कलताना पुन्हा व्हिडिओ लावला. आणि ताई दिसल्या. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, चष्मा, आणि भावासारखाच ताठ कणा. काका नुसते "ही बघा" म्हणाले, तसं म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळाच झाला.

पण दिसल्या त्या अडखळत. हात छातीशी असायचे ते एकदम खांद्यावर, मधलं काहीच नाही. नव्या फोननं सेकंदाला साठ फ्रेम घेतलेल्या आणि म्हाताऱ्या मशीनला तेवढ्या उलगडण्याचा दम नाही. उरलेल्या ती सरळ गाळत होती. ग्राफिक्स चिपला तर हा प्रकार ठाऊकच नव्हता. काका पुढं वाकून बघत होते, डोळे बारीक करत होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"'भाऊ' म्हणाली. मग 'पाणी' किंवा 'वाफ'. मग काहीतरी पुष्कळ वेळा. मग 'येते' किंवा 'जाते'." त्यांनी व्हिडिओ थांबवला. चष्मा काढून डोळे चोळले. "नेमकं तेच गळतंय."

कन्व्हर्ट केलं असतं तर सुटलं असतं. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा हात कीबोर्डवर गेला, आज्ञेची पहिली अक्षरं टाइप झाली आणि तिथंच थांबला. त्या माणसाला मी एवढा हतबल कधी पाहिला नव्हता. मला मनापासून वाईट वाटलं. आणि गंमत बघा, ज्या व्हिडिओत मला घराबाहेर काढायचा हुकूम असू शकतो तो चालावा म्हणून मी जिवाचं रान करत होतो.

"काका," मी म्हणालो, "तुम्हाला आवाज तर नकोच आहे."

"नकोय."

"मग एवढ्या वेगानं बघायचं अडलंय कुठं? अर्ध्या वेगानं लावा. मशीनला प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ मिळेल. एकही गळणार नाही."

काकांनी वेग अर्ध्यावर आणला. मग म्हणाले, "बरोबर." चार वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र.

अर्ध्या वेगात ताई बोलायला लागल्या. हात पाण्यातून यावेत तसे वर येत होते, बोटं एकेक करून उमलत होती. रागच होता तो, पण अर्ध्या वेगात राग फार प्रेमळ दिसतो. काकांनी मला बसायची खूण केली.

"तुम्हाला सांगतो काय म्हणते ते. खोलीचा प्रश्न आहे, तुमचाही संबंध आहे. आणि सांगायचं तर सगळं सांगणार, मधलं काही गाळणार नाही. नंतर तक्रार नको."

आणि त्यांनी मोठमोठ्यानं भाषांतर सुरू केलं.

"'भाऊ, तुझा व्हिडिओ पाहिला. तू छान बोललास. मला रडू आलं.' हं. 'पुन्हा पाहिला. मग मला राग आला.' बघा, मी म्हटलं नव्हतं? 'तू या वेळी चादर लावली नव्हतीस. मागं ओटा दिसत होता. गॅसवर कुकर होता.' होता, बरोबर आहे, डाळ लावली होती. 'तू बोलत होतास आणि मागं कुकरमधून वाफ उडाली. मला दिसली. मग पुन्हा उडाली. मग पुन्हा. मी बघतेय, आता वळेल, आता वळेल.'"

काकांचा आवाज मंदावला. पडद्यावर ताईंचे हात थांबले नव्हते. अर्ध्या वेगात ते येतच होते, टाळता येत नव्हते. काकांनी पुढचं सांगितलं.

"'तू एकदाही मान वळवली नाहीस. डाळ जळली असेल.'"

जळली होती. मीच कुकर घासला होता.

"'मला साठ वर्षांहून जास्त ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो कसा बसतो ते मला ओळखता येतं. तू बहिरा होतोयस. तुला माहितेय, आणि तू कुणाला सांगत नाहीस.'"

चार वर्षांतलं काय काय डोक्यातून सरकून गेलं आणि प्रत्येक गोष्टीपाशी मी मनात कपाळाला हात लावला. मी पगार घेऊन चुका शोधणारा माणूस, रोज त्यांच्याबरोबर जेवणारा. काका मात्र ताठ बसून भाषांतर करत होते. त्यांनी शब्द दिला होता.

"'मी रायपूरला जायचं ठरवलं होतं. बांधाबांध झाली होती. आता जात नाही. तुझ्याकडं येते. बहिरं कसं राहायचं हे तुला येत नाही. मला येतं. मी शिकवीन.'"

पडद्यावर ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. काकांनीही तेच केलं, रुमालानं. मग ताईंचे हात पुन्हा उठले.

"'तो पोरगा आहे ना खोलीत, त्याला काढू नकोस. मी हॉलमध्ये झोपेन. दोन बहिऱ्यांच्या घरात एक तरी ऐकणारा पाहिजे. नाहीतर रोज डाळ जळेल.'" काकांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "'आणि त्याला म्हणावं, कुकर नीट घासायचा.' हे तिला कोणी सांगितलं कुणास ठाऊक."

व्हिडिओ संपला. बोळात संध्याकाळचं ऊन आलं होतं आणि समोर गिरणी चालू होती. काकांनी कॉम्प्युटर बंद केला. मग माझ्याकडे वळले.

"मी मोठ्यानं बोलतो का हो?"

"हो."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"मला वाटलं, पुण्यात असंच बोलतात."

काका हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि अर्थातच मोठ्यानं. गिरणीवाले काय झालं म्हणून पुन्हा दाराशी आले, दोन्हीकडे लाल दिवे लागले, तरी ते हसतच होते. मीही हसत होतो, आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

मग ते उठले, तोंड धुतलं, गडद शर्ट घातला आणि कॅमेऱ्यासमोर बसले. मी चादर आणायला निघालो तर हातानंच नको म्हणाले. मागं ओटा दिसू दे. कॅमेरा चालू झाल्यावर त्यांनी नुसतं एवढंच केलं, दोन्ही हात पुढं पसरले, तळवे आकाशाकडं, आणि बोटं आपल्याकडं ओढली. ती खूण मला कुणी शिकवलेली नव्हती.